बॅरल पालथं करण्याआधी टँकर कधी येतो ते विचारा

आज सकाळपासून डोकं तापलंय. माण तालुक्यातल्या आमच्या वाडीत वहिनींचं पाण्याचं बॅरल तपासणीला आलेल्या एका माणसानं अंगणात पालथं केलं. डासांच्या अळ्या सापडल्या म्हणे. वर तंबी, आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा, म्हणजे पाण्याची सगळी भांडी रिकामी करून कोरडी ठेवा. टँकरच आठवड्यातून एकदा येतो. कोरडा दिवस कुठल्या वारी पाळायचा?

अळ्या होत्या, हे खरं. डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो, अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे टँकरची खेप लांबली की घराघरांत डास तयार होणार, हे टँकर मंजूर करतानाच दिसायला हवं होतं. माणशी दिवसाला २० लिटर हा टंचाईतला निकष. एवढ्यात माणूस पाणी साठवणार नाही तर काय करणार?

दुष्काळ ठरवताना पाऊस, पेरणी, मातीतली ओल, पिकं बघतात. कुठल्या वाडीत तापाचे पेशंट वाढलेत, कुठली पोरं आधीच अशक्त आहेत, हे कोण बघतं? दुष्काळ जाहीर झाल्यावर आरोग्याची कामं करतात, मान्य. पण जाहीर कधी होणार? २०२३ च्या ४० दुष्काळी तालुक्यांच्या यादीत साताऱ्यातले वाई-खंडाळा होते, माण-खटाव नव्हते! तिथली महसूल मंडळं, म्हणजे काही गावांचे गट, नंतर घेतली. डास यादीची वाट बघत नाही.

गरीब देशांत सगळीकडं हेच. सोमालियात २०१७ ला दुष्काळाबरोबरच कॉलरा पसरला, कारण लोकांना मिळेल ते पाणी प्यावं लागलं. दोन्ही संकटं एकाच घरात शिरतात, कागद मात्र दोन खात्यांत फिरतात.

बॅरल पालथं करणाऱ्या त्या पोराचा राग नाही. त्यालाही वरून आकडा मागत असतील. सांडलेलं पाणी लिंबाच्या बुडाशी गेलं तर वहिनी म्हणाल्या, "असू द्या भावजी, झाडाला तरी मिळालं." मला काही बोलताच येईना.

अहो, पाणी फडक्यानं दुसऱ्या भांड्यात गाळून घेता आलं असतं. अंडी बॅरलच्या कडेला चिकटतात, ती घासून काढायची, पाणी परत भरून तोंडाला जुनी साडी घट्ट बांधायची. एवढं वहिनींनी हसत केलं असतं, कुणी सांगितलं असतं तर.

पंचायत समितीत ज्यांची ऊठबस आहे त्यांनी या आठवड्यात एवढंच विचारा: टँकरच्या खेपा आणि तापाचे पेशंट यांची वाडीवार यादी एकत्र कोण करतं? नाव घेऊन या, मी स्वतः जाऊन भेटतो.