‘एकदा विश्वास ठेवला की पाप माफ’ हा मजकूर चुकीचा

बेळगाव-खानापूरकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय : ‘प्रॉटेस्टंटांत एकदा विश्वास ठेवला की कितीही पाप करा, तारण पक्कं.’ तारण म्हणजे पापापासून देवाने केलेली सुटका. आधाराला बायबलमधलं इफिसकरांस पत्र, २:८-९.

केवळ विश्वासाने तारण, ही प्रॉटेस्टंट चळवळ सुरू करणाऱ्या मार्टिन ल्यूथरची शिकवण खरी. पण लगेच पुढचं १० वं वचन सांगतं, आपण सत्कर्मांसाठीच निर्माण झालो. तेच नेमकं गाळलंय, याचं मला फार वाईट वाटलं.

तारण गमावता येत नाही, हे मुख्यतः कॅल्विनपंथीयांचं, म्हणजे जॉन कॅल्विनला मानणाऱ्या प्रॉटेस्टंटांचं मत (ते मांडणारी डॉर्टची चर्चसभा, १६१८-१९). पापाला मोकळीक तेही देत नाहीत. आपल्या बेळगावची जुनी मेथडिस्ट मंडळी तर मेथडिस्ट पंथाचा प्रवर्तक जॉन वेस्ली याच्या परंपरेतली. विश्वास सोडणारा कृपेतून ढळू शकतो, असं वेस्ली शिकवत. कृपया मजकूर पुढे पाठवू नका.