४२ पैकी ४२

पनवेलला गाडीत बसलो, मोबाईल उघडला आणि डोकं फिरलं. ज्या ट्रेकवाल्यांसोबत आज कलावंतीण दुर्गला गेलो त्यांनी बॅचचा फोटो टाकलाय. खाली लिहिलंय, "४२ पैकी ४२ समिट! एकही माघार नाही!" वर तीन भगवे झेंडे.

अहो, माथ्यावर पोचलेले ४० होते. खात्रीने सांगतो, कारण उरलेल्या दोघांतला एक मी.

दुसरी एक मुलगी. तेवीस-चोवीसची असेल, ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर पहिल्यांदाच आलेली. पायथ्याच्या ठाकूरवाडीपासून वाटेवरच्या प्रबळमाची गावापर्यंत गप्पा मारत चढली. माचीवर पिठलं-भाकरी सांगून ठेवली, खिंडीपर्यंतही आली. तिथून कातळात कोरलेल्या पायऱ्या सुरू होतात. ज्यांनी पाहिल्यात त्यांना वेगळं सांगायला नको. एका अंगाला कातळ, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. पायऱ्या गुडघ्याएवढ्या उंच, पाऊस नुकताच सरल्यामुळे वर बारीक मुरूम पसरलेला. त्यात रविवार, म्हणजे दादरचा पूल. चढणारे आणि उतरणारे एकाच पायरीवर. मधेच ती बसली. पाठ कातळाला, दोन्ही तळवे पायरीवर दाबलेले, डोळे गच्च मिटलेले.

लीडरसाहेब काय म्हणाले? "मॅडम, मागे लाईन लागलीये. एवढं आलात, दहा मिनिटांवर टॉप आहे." मागून कुणीतरी शिट्टी मारली. एकाने "हर हर महादेव" सुरू केलं. घाबरलेल्या पोरीवर घोषणांचा उतारा! लाज वाटली मला. त्यांची नाही, आपल्या सगळ्यांची.

मला २०११ चा ऑगस्ट आठवत होता. हाच डोंगर, शेवाळलेल्या पायऱ्या. मित्र पुढे गेले आणि माझे पाय लटपटायला लागले. ना वर, ना खाली. माचीवरचे एक ठाकर मामा कुणाला तरी वर सोडून परत येत होते. त्यांनी काही विचारलं नाही. "दादा, तोंड कातळाकडं करा," एवढंच म्हणाले. दोन पायऱ्या खाली उतरले आणि माझा चिखलाने भरलेला बूट स्वतःच्या तळहातावर घेतला. "हं, टेका." मग दुसरा पाय. "हं, टेका." खिंडीपर्यंत असंच.

(खारघर गेलं. अजून राग उतरलेला नाही.)

बॅचवाल्यांमुळे माचीला रोजगार मिळतो, मान्य. रविवारच्या भाकऱ्यांवर तिथली घरं चालतात. आणि मीही पैसे भरून त्याच बसने गेलो होतो, तेही मान्य. पण बेचाळीस माणसांमागे दोन लीडर, त्यातला एक सतत रील काढणारा? माचीची माणसं शिमग्याला याच पायऱ्यांनी वर जाऊन नाचतात. एकाच्याही तोंडून मी अजून 'समिट' ऐकलेलं नाही. शेजारीच इर्शाळगड. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्या कुशीतली इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा आपल्या सगळ्यांच्या स्टेटसला निसर्गाचा आदर होता. किती दिवस टिकला?

असो. त्या मुलीचं सांगतो.

मी तिच्या खालच्या पायरीवर होतो. तिने डोळे न उघडताच विचारलं, "काका, वर काय आहे?" मी म्हटलं, "काही नाही गं, गवत आहे. खाली जायचंय का?" तिने मान हलवली. मग रांगेतल्यांच्या शिव्या खात तिला कातळाकडे वळवली, दोन पायऱ्या खाली उतरलो आणि तिचा बूट हातावर घेतला. माझाच हात थरथरत होता. टेक. दुसरा. टेक.

चौदा-पंधरा वर्षं माझ्या मनात होतं की त्या मामांनी माझं सगळं वजन हातावर झेललं. आज कळलं, वजन पडतच नाही. उतरताना पायाला पायरी दिसत नसते. हात फक्त दाखवतो, इथे आहे बाबा.

त्या दिवशी मामांना दोनशे रुपये द्यायला गेलो तर ते म्हणाले, आधी चहा प्या. हात धुवून यायला आत गेले. तो हात माझ्याच बुटाने माखला होता. नाव विचारायचं राहिलं ते राहिलंच. आज माचीवर चौकशी केली, पण नाव माहीत नसताना विचारणार तरी काय? "बूट हातावर घेणारे मामा" म्हटल्यावर पिठलं वाढणाऱ्या ताई हसायला लागल्या. म्हणाल्या, "इथं समदेच घेतात."

वाशीच्या पुलावर आलोय. खाडीचा वारा लागला की माणूस जरा खरं बोलतो.

"काही नाही, गवत आहे" असं मी तिला ठोकून दिलं. वर काय आहे ते मला ठाऊक नाही. २०११ मध्ये मी गेलोच नव्हतो. आजही नाही. तेव्हाच्या ग्रुपमधल्यांनो, तुम्हाला सांगितलं होतं ना की तुम्ही दुसऱ्या टोकाला फोटो काढत होतात तेव्हा मी येऊन गेलो? आणि माझा तो हात पसरलेला फोटो, ज्यावर तुम्ही "वाघ" लिहिलं होतं? तो माचीवरच्या शेताच्या बांधावरचा आहे. नीट बघा, मागे कोंबडी आहे.

त्या लीडरच्या फोटोखाली "४० म्हणा" असं लिहिणार होतो. टाईप करून खोडलं.

शिव्या उद्या घाला. चेंबूर आलं, पोटऱ्या भरून आल्यात आणि जिना उतरायचाय.