डाव्या मागच्या खिडकीबद्दल: मालकाचं उत्तर

नमस्कार सर,

तुमची कॅराव्हॅन, म्हणजे ती आत राहायची सोय असलेली गाडी, द्यायला उशीर झाला त्याबद्दल आधी माफी मागतो. दोन दिवस सांगितले आणि पाच लागले. मधे फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं. चूक माझीच.

पण "नुसतं धुवायचे साडेचौदा हजार घेतले आणि वर खिडकीची वाट लावली" हे तुमच्या रिव्ह्यूतलं वाक्य वाचून रात्री जेवण गेलं नाही. पेणला हायवेच्या कडेला अकरा वर्षं गाड्या धुण्या-पॉलिशचं हेच काम करतोय.

'नुसतं धुणं' म्हणता, तर ऐका. तुमची कॅराव्हॅन दोन पावसाळे अलिबागला झाडाखाली उभी होती, हे तुम्हीच सांगितलंत. छतावर शेवाळ, कडांना काळे ओघळ, आणि फायबरच्या बॉडीवरून हात फिरवला की तळहात पांढरा. हे शाम्पूने जात नाही. वरचा मेलेला थर कंपाउंडने, म्हणजे घासायच्या पेस्टने, काढायचा, मग पॉलिश, मग वॅक्स. जुन्या जेलकोटवर, म्हणजे फायबरवरच्या चकचकीत थरावर, मशीन जास्त दाबलं तर खालचं फायबर उघडं पडतं, म्हणून बफिंग सावकाश. त्यात ऑक्टोबरचा पाऊस, आणि ओल्या बॉडीवर वॅक्स लावता येत नाही. "प्रेशर जोरात मारा रे, लवकर उरकेल" असं तुम्ही पोरांना दोनदा म्हणालात. छतावरच्या व्हेंटभोवतीचं (हवेच्या झडपेभोवतीचं) सिलिकॉन फाटलं होतं सर. तिथे प्रेशर मारला असता तर पाणी थेट आतल्या प्लायवूडमध्ये. म्हणून आम्ही बादली आणि मऊ ब्रश घेतला. ते सिलिकॉनही खरवडून नवीन भरलं, कारण जुन्यावर नवं धरत नाही. त्याचा एक रुपया बिलात नाही, बघून घ्या.

आता खिडकी. ती काचेची नाही, ॲक्रिलिकची, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकची आहे. ॲक्रिलिकला थिनर, पेट्रोल, स्पिरिट यातलं काहीही लागलं की त्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा पडतात, कधी लगेच, कधी काही दिवसांनी. वरवरचा ओरखडा पॉलिशने निघतो. ही जाळी आत उतरते, ती निघत नाही. आमच्याकडे खिडक्यांना फक्त पातळ शाम्पू आणि मायक्रोफायबर. सहाही खिडक्या एकाच बादलीतून धुतल्या. आमच्या शाम्पूने झालं असतं तर सहाही खिडक्यांवर दिसलं असतं. जाळी आहे फक्त दाराशेजारच्या डाव्या मागच्या खिडकीवर, तीही हाताने गोल पुसल्यासारखी.

गाडी सोडलीत त्या सकाळी तुम्ही आमच्या पोराच्या हातात एक बाटली दिलीत. "डांबराचे ठिपके याने झटकन निघतात, मी आत्ताच त्या खिडकीवरचे काढले." पोराने झाकण उघडून वास घेतला आणि बाटली तुमच्या सीटखाली ठेवून दिली. ती तिथेच असेल. मी तुमच्यावर आरोप करत नाही, फक्त घडलं ते सांगतोय. गाडी घेताना आमच्याकडे फोटो काढतात, तुमचेही काढलेत. खिडकीवर धूळ होती, त्यामुळे फोटोत जाळी होती की नव्हती ते कळत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य करतो.

गाडी नेताना तुम्ही उन्हात तिला दोन फेऱ्या मारल्यात, चहा घेतलात, "नवी दिसतेय" म्हणालात. रिव्ह्यू नऊ दिवसांनी आला. एक फोन केला असता तर मी अलिबागला आलो असतो हो. तुमचा रिव्ह्यू वाचून दिवाळीआधीची दोन बुकिंग रद्द झाली. माझ्याकडे चार पोरं कामाला आहेत, त्यांचा बोनस त्यातूनच निघायचा होता.

असो. यापुढे गाडी आधी पाण्याने धुऊन मगच फोटो काढू आणि उशीर होणार असेल तर कळवू, तसं पोरांना सांगितलंय, बाकीही काही सुधारणा करतोय. तुम्ही गाडी घेऊन या, खिडकी एकत्र बघू. खिडकीची ॲक्रिलिक शीट बदलायची ठरली तर फक्त शीटचे पैसे द्या, बसवायची मजुरी घेणार नाही.

आणि तोपर्यंत कृपा करून बाकीच्या पाच खिडक्यांना ती बाटली लावू नका.

आपला,
सेंटरचा मालक