व्हेपर लॉक म्हणण्याआधी कार्ब्युरेटरमध्ये डोकावून पाहा

उन्हाळा सुरू झाला की जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे आहे: पद्मिनी, फियाट किंवा अँबेसिडर तापल्यावर बंद पडली तर ते व्हेपर लॉकच (नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा तुटणे) असते, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपावर ओले फडके ठेवल्यावर गाडी चालू झाली की निदान पक्के झाले, काचेसारख्या पारदर्शक फिल्टरमध्ये बुडबुडे दिसले की आणखी पुराव्याची गरज नाही, या सगळ्याच्या मुळाशी पेट्रोलमधले इथेनॉल आहे, आणि कायमचा उपाय म्हणजे इंजिनावरचा पंप काढून इलेक्ट्रिक पंप बसवणे. यातले एकही विधान पूर्णपणे खोटे नाही आणि म्हणूनच संदेश पटतो. पण त्याप्रमाणे वागल्यामुळे चांगले पंप काढून टाकले जातात, मूळ बिघाड तसाच राहतो, आणि शेवटचा सल्ला तर आग लागण्यापर्यंत नेऊ शकतो.

मुंबईत या गोष्टीला वेगळे महत्त्व आहे. पद्मिनी कुर्ल्याच्या कारखान्यात तयार झाली, आणि तिच्यावर हात बसलेले मेकॅनिक टॅक्सींमुळे नाक्यानाक्यावर होते. पण नव्या शतकाच्या सुरुवातीच्या वर्षांत टॅक्सी सीएनजीवर गेल्या आणि ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. पेट्रोलवर चालणाऱ्या कार्ब्युरेटरचा, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणाऱ्या भागाचा, रोजचा सराव त्याच्या कितीतरी आधी सुटला होता. ती जागा आता असे संदेश भरून काढत आहेत.

पहिले विधान घेऊ. व्हेपर लॉक ही खरी घटना आहे. टाकी मागे आणि पंप पुढे इंजिनावर असतो. पंप पेट्रोल ओढतो तेव्हा त्याच्या मागच्या नळीतला दाब हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, आणि दाब कमी झाला की पेट्रोल कमी तापमानाला उकळते. पेट्रोलमधले हलके घटक तर ३५ ते ४० अंशांच्या आसपासच वाफ होऊ लागतात. पंपातला लवचीक पडदा, म्हणजे डायफ्रॅम, वाफ ओढत राहतो आणि पुढे पेट्रोल ढकलले जात नाही. पण याची विशिष्ट वेळ असते. सायनच्या सिग्नलला दहा मिनिटे अडकून पडल्यावर, पेडर रोडचा चढ पहिल्या गिअरमध्ये रांगत चढताना, किंवा तापलेली गाडी दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करताना व्हेपर लॉकची शक्यता सर्वाधिक असते, कारण बॉनेटखाली हवा खेळत नाही. याउलट फ्रीवेवर साठ-सत्तरच्या वेगाने सलग जाणारी गाडी, जिच्या इंजिनावर वारा येत असतो आणि जिच्या नळीतून थंड पेट्रोल सतत वाहत असते, ती काही किलोमीटरनंतर आचके देऊन थांबली, तर संशय वाफेवर नव्हे, प्रवाहाच्या अडथळ्यावर घ्यायला हवा.

माझी १९८६ सालची पद्मिनी नेमकी अशीच थांबत असे. फ्रीवेवर वडाळ्याच्या पुढे ती दोनदा बंद पडली, दोन्ही वेळा पंपावर ओले फडके ठेवले आणि दोन्ही वेळा पंधरा मिनिटांनी ती सुरू झाली. एका गॅरेजने व्हेपर लॉक ठरवून पंप बदलला. ऑपेरा हाउसच्या बाजारात शोधून आणलेला नवा एसी पंप बसला (मेकॅनिक या पंपाला एसी पंपच म्हणतात) आणि तिसऱ्या आठवड्यात गाडी पुन्हा त्याच टप्प्यात थांबली. त्या वेळी फडके न ठेवता मी टाकीचे झाकण उघडले, तर हवा आत खेचली गेल्याचा स्पष्ट आवाज आला. गाडीला नवा रंग देताना टाकीला हवा घेण्याची जी वाट असते ती बुजली होती. पेट्रोल जात होते, त्याच्या जागी हवा येत नव्हती, आणि टाकीतली ओढ पंपाच्या ओढीला भारी पडत होती.

दुसऱ्या विधानाचे उत्तर यातच आहे, पण ते नीट समजून घेणे आवश्यक आहे, कारण सर्वाधिक फसगत इथे होते. ओले फडके ठेवताना आपण एक नव्हे, दोन गोष्टी करतो: पंप थंड करतो आणि पंधरा मिनिटे थांबतो. केवळ थांबण्याने तात्पुरते बरे होणारे बिघाड अनेक आहेत. टाकीची हवेची वाट बुजली असेल तर तेवढ्या वेळात फटीतून हवा झिरपते आणि ओढ कमी होते. टाकीतल्या जाळीवर गंजाचा कचरा चिकटला असेल तर ओढ थांबताच तो खाली बसतो आणि पुढचे काही किलोमीटर वाट मोकळी होते. आणि ज्याचा पेट्रोलशी काहीच संबंध नाही असा ठिणगीच्या यंत्रणेतला कंडेन्सर किंवा कॉइल गरम झाल्यावर ठिणगी सोडून देते व थंड झाल्यावर पुन्हा कामाला लागते. चालकाला मात्र या सगळ्या प्रसंगी गाडी ‘पेट्रोल घेत नाही’ असेच वाटते. म्हणून पुढच्या वेळी फडके न ठेवता तेवढाच वेळ थांबून पाहावे. गाडी तशीही सुरू झाली, तर फडक्याने काहीही सिद्ध केले नव्हते.

खरी परीक्षा थांबण्याच्या आधी, गाडी बंद पडल्या क्षणी करायची असते. एअर क्लीनर काढावा, कार्ब्युरेटरच्या घशात पाहावे आणि हाताने थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप) पूर्ण उघडावा. पेट्रोलची बारीक धार उडाली तर कार्ब्युरेटरच्या वाटीत (पेट्रोल साठून राहणाऱ्या भागात) पेट्रोल आहे, आणि पंप, नळी, फिल्टर यांना दोष देण्याचे कारण उरत नाही. मग आधी करंट, म्हणजे ठिणगी येते का, ते पाहावे. धार आलीच नाही तर पेट्रोल पोहोचत नाही हे बहुतेक निश्चित होते, आणि पुढची पायरी टाकीचे झाकण सैल करून पाहण्याची. आणखी एक शक्यता अशी की घशात पेट्रोल ठिबकताना दिसेल आणि वास दाटून येईल. बंद केलेल्या गरम इंजिनाच्या उष्णतेने वाटीतले पेट्रोल उकळून मॅनिफोल्डमध्ये (इंजिनात मिश्रण नेणाऱ्या वाटेत) सांडते तेव्हा असे होते. ती पेट्रोलच्या अभावाच्या अगदी उलट, अतिरेकाची अवस्था आहे. त्या वेळी ॲक्सिलरेटर वारंवार पंप करण्याऐवजी पूर्ण दाबून धरून सेल्फ मारला तर गाडी सुरू होते. या दोन्ही अवस्थांना संदेशात एकच नाव दिले आहे, आणि उपचार मात्र परस्परविरुद्ध आहेत.

पंपाबद्दल शंका उरली असेल तर ती मोजून फेडता येते. लिटरला १२ किलोमीटर देणारी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने तासाला ५ लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे ८३ मिलिलिटर पेट्रोल घेते; पंपाने निदान तेवढे तरी द्यायला हवे. इंजिन थंड असताना, कॉइलकडे जाणारी बारीक वायर काढून ठिणगी बंद करावी, पंपातून कार्ब्युरेटरकडे जाणारी नळी मोठ्या बाटलीत सोडावी, जवळ आग विझवण्याचे साधन ठेवावे आणि सेल्फ मारावा. निरोगी पंपातून ठोके पडल्यासारखी जोरदार, अखंड लयीतली धार येते. धार दुबळी असेल तर पंप लगेच न काढता त्याला लहान नळीने वेगळ्या डब्यातून पेट्रोल ओढू द्यावे. आता धार सुधारली तर दोष पंपाच्या मागे आहे. डायफ्रॅम फाटला असेल तर पेट्रोल इंजिन ऑइलमध्येही उतरू शकते, म्हणून ऑइलची पट्टी काढून पातळी आणि वास दोन्ही तपासावेत. ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर गाडी चालवू नये.

फिल्टरमधल्या बुडबुड्यांचे उत्तर थोडक्यात देता येते. पारदर्शक फिल्टर धडधाकट गाडीतही पुष्कळदा पूर्ण भरलेला नसतो. बुडबुडे सकाळी, थंड इंजिनावरही दिसत असतील तर ती वाफ नसून हवा आहे: टाकी आणि पंप यांच्यामधला एखादा रबरी जोड तडकला आहे. ओढीच्या बाजूची तड बाहेर पेट्रोल गळू देत नाही, फक्त आत हवा घेते, त्यामुळे ती खाली वाकून पाहिल्याने सापडत नाही.

इथेनॉलबाबत तक्रारीला आधार आहे. २० टक्के मिश्रण जुन्या रबराला मऊ करते व फुगवते, वर्षानुवर्षे टाकीत बसलेला चिकट थर सोडवून फिल्टरमध्ये आणते, आणि कार्ब्युरेटरच्या जुन्या जेटवर (पेट्रोल मोजून सोडणाऱ्या बारीक छिद्रावर) इंजिनाला हवा-पेट्रोलचे मिश्रण विरळ पडते. पावसाळाभर उभ्या असलेल्या गाडीत ते दमट हवेतले पाणीही धरते. पाणी फार झाले की पाणी आणि इथेनॉल मिळून टाकीच्या तळाशी वेगळा थर बनवतात, आणि नळी बहुधा तळाजवळूनच ओढते. तळातले थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून तासभर ठेवले की हा थर दिसतो. मात्र बाष्पदाब, म्हणजे वाफ होण्याची ओढ, सुमारे १० टक्के इथेनॉलपाशी सर्वाधिक वाढतो आणि २० टक्क्यांना त्याहून वाढत नाही. त्यामुळे १० टक्क्यांच्या काळात उन्हात नीट चालणारी गाडी आता थांबू लागली, तर आधी नळ्या, फिल्टर आणि टाकी पाहावी. इथेनॉलने बिघडवलेली नळी बदलावीच लागते, आणि ती इथेनॉल सोसणाऱ्या रबराचीच घ्यावी.

राहिला इलेक्ट्रिक पंप. टाकीजवळ बसवलेला आणि कार्ब्युरेटरसाठीच बनवलेला पंप खऱ्या व्हेपर लॉकवर उपयोगी पडतो, कारण तो पेट्रोल दाबाखाली ढकलतो आणि दाबाखाली ते सहज उकळत नाही. परंतु अशा कार्ब्युरेटरची सुई (वाटी भरली की पेट्रोल रोखणारी) साधारण ३ ते ४ पीएसआय (दाबाचे एकक) दाब पेलते. इंजेक्शनच्या गाडीतून काढलेला पंप ४० पीएसआयच्या आसपास दाब देतो. तो थेट जोडला तर सुई उचलली जाते आणि पेट्रोल गरम इंजिनावर ओसंडते. इंजिनावरचा पंप इंजिन थांबले की थांबतो, इलेक्ट्रिक पंप मात्र चावी चालू असेपर्यंत, अपघातात नळी तुटली तरी, पेट्रोल ओतत राहतो; म्हणून ऑइलचा दाब गेला किंवा धक्का बसला की पंप बंद करणारा स्विच लावल्याशिवाय तो बसवू नये. आणि निदान चुकलेले असेल तर हा पंप दोष झाकण्याऐवजी वाढवतो. रबराच्या ज्या तडीतून आजवर फक्त हवा आत येत होती, त्याच तडीतून आता गाडीच्या खाली पेट्रोल फवारले जाते. माझ्या गाडीसारखी टाकीची हवेची वाट बुजलेली असेल, तर ताकदवान पंप ओढत राहतो आणि टाकीचा पत्रा आत ओढला जाऊ शकतो. माझ्या गाडीला शेवटी लागली ती बारीक तार आणि दहा मिनिटे. काढून ठेवलेला मूळ पंप तपासून मी पुन्हा बसवला, आणि नंतरच्या दोन उन्हाळ्यांत त्याच फ्रीवेवर ती एकदाही थांबलेली नाही.