रंग खाली उतरला नाही, म्हणून पाइप चांगला?

सोसायट्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज सारखा फिरतोय. खालच्या घराच्या छताला ओल आली, तर वरच्या बाथरूममध्ये बादलीभर रंगीत पाणी ओता. अर्ध्या तासात खालच्या छताला रंग दिसला नाही तर वरच्यांचा पाइप चांगला. ड्रेनेजला प्रेशर नसतं, त्यामुळे वेगळी टेस्ट नको. फारच शंका असेल तर कंप्रेसरने हवा भरा. याच मेसेजच्या जोरावर खालच्या घरातल्यांना गप्प बसवलं जातं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

आधी रंगाचं. खाली रंग आला तर गळती नक्की. नाही आला तर काहीच सिद्ध होत नाही. बादलीभर पाणी आडव्या पाइपच्या तळातून बघता बघता निघून जातं, सांध्याच्या वरच्या अंगाला पडलेल्या चिरेला शिवतही नाही. शिवलंच तर आधी संक स्लॅबमधल्या, म्हणजे बाथरूमखाली मुद्दाम खोलगट ठेवलेल्या स्लॅबमधल्या, विटांच्या कोब्यात (तुकड्यांच्या भरावात) मुरतं. तिथून छतापर्यंत यायला कित्येक दिवस लागू शकतात, आणि वाटेत रंग फिका पडतो.

खरी तपासणी सावकाशीची असते. खालच्या छतावरच्या ओलीची कड पेन्सिलने आखून ठेवा. वर नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून पाइपात जातं त्या तोंडाला, बूच मारून फरशीवर दोन इंच पाणी 24 ते 48 तास तुंबवा. ओल रेघेपलीकडे सरकली तर संशय वॉटरप्रूफिंगवर किंवा ट्रॅपभोवतीच्या सांध्यावर. नाही सरकली तर पाइपची पाळी: खालचं तोंड बंद करून पाइप भरा, आतली हवा निघू द्या, पातळीवर खूण करा. पातळी उतरत राहिली की पाइप गळतोय.

प्रेशर नसतं, हे पाइप मोकळा वाहतोय तोवरच खरं. खाली चोकअप झाला की पाणी पाइपात उभं राहतं. एका मजल्याची 3 मीटर उंची भरली, तर तळाच्या सांध्यावर चौरस सेंटीमीटरला सुमारे 0.3 किलो दाब येतो. एरवी कोरडा दिसणारा सांधा तेव्हा गळू शकतो.

कंप्रेसरला मात्र हातही लावू नका. भरलेल्या पाइपचा सांधा सुटला तर पाणी सांडतं; दाबलेल्या हवेने पीव्हीसी पाइप फुटला तर तुकडे उडून माणूस जखमी होतो. पाइप बनवणाऱ्या कंपन्याही याविरुद्ध बजावतात.

बाथरूम नव्याने करत असाल, तर पाइप कोब्याखाली गाडण्याआधीच तो भरून तपासा, आणि त्या वेळी खालच्या घरातल्यांनाही वर बोलवा.