वावटळ खत आणत नाही, माती नेते

"उन्हाळ्यात रान उघडे ठेवा, बांधावरची झाडे काढा, वाळवंटातून येणारी धूळ सगळी खनिजे फुकट देऊन जाते. आपली काळी मातीही अशाच धुळीची आहे, हे नासाने सिद्ध केले आहे," असा मजकूर सध्या मोबाइलवर फिरतो आहे. तो वाचून सेलू तालुक्यातल्या माझ्या काकांनी बांधावरची कडुलिंबाची तीन झाडे तोडायला माणसे सांगितली, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

काळ्या मातीचा मुद्दा फार वेळ घेण्याजोगा नाही. खोदकाम चालू असलेल्या विहिरीत डोकावले तर वर काळी माती, खाली मुरूम, त्यात कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले गोटे आणि तळाशी काळा पाषाण दिसतो, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा खडक झिजूनच आपली माती झाली, आणि नदीकाठी ती पाण्याने आणून टाकली. वारा माती घडवतच नाही, असे मात्र म्हणता येणार नाही. चीनमधील लोएस पठारावर वाऱ्याने आणलेल्या मातीचे थर 100 मीटरहून जाड आहेत. पण त्याला लाखो वर्षे लागली, काकांचा खरीप जूनमध्ये आहे.

आता नासा. कॅलिप्सो उपग्रहाच्या 2007 ते 2013 च्या नोंदींवरून 2015 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला, तो खरा आहे. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून ॲमेझॉनच्या जंगलाला दरवर्षी सुमारे 22,000 टन स्फुरद (फॉस्फरस) देते, असे त्यात म्हटले आहे. आकडा मोठा वाटतो, परंतु त्याच अभ्यासात तो हेक्टरी वर्षाला 23 ग्रॅम असाही दिला आहे, आणि मजकूर लिहिणाऱ्याने नेमका तोच गाळला. डीएपी या रासायनिक खताच्या 50 किलोच्या गोणीत मूलद्रव्य म्हणून सुमारे 10 किलो स्फुरद असते (गोणीवरचे 46 टक्के हे ऑक्साइडच्या रूपातले). म्हणजे एका हेक्टरला एका गोणीइतके स्फुरद धुळीतून मिळायला 400 हून अधिक वर्षे लागतील. शिवाय जंगलातून कोणी पीक काढून नेत नाही. आपले एक क्विंटल सोयाबीन मोंढ्यावर गेले की त्यासोबत अर्धा किलोच्या आसपास स्फुरद जाते.

सर्वांत घातक सल्ला आहे तो झाडे तोडून रान उघडे ठेवण्याचा. वारा आधी उचलतो तो मातीचा सर्वांत बारीक भाग, आणि सेंद्रिय पदार्थ व अन्नद्रव्ये त्यातच अधिक असतात. हेक्टरभर रानातून केवळ एक मिलिमीटर थर गेला तरी ती दहा घनमीटर माती होते, म्हणजे तीन-चार ट्रॉल्या. धसकटे, काडीकचरा आणि बांधावरची झाडे वाऱ्याचा वेग मोडतात, म्हणून ही माती रानात टिकते.

परवा काकांना त्यांच्याच लिंबांखाली नेले. बुडाशी वाऱ्याने साचवलेली बोटभर धूळ होती. ती त्यांनी चिमटीत धरून चोळली, थुंकीने भिजवली. काळी, चिकट, त्यांच्याच वावरातली. माणसांना त्यांनी तूर्त येऊ नका म्हणून कळवले आहे.