चर्च म्हणजे इमारत नव्हे, मंडळी

ख्रिस्ती धर्मावरच्या तुमच्या लेखात श्रद्धेचा भाग नेमका उतरला आहे, पण 'चर्च म्हणजे ख्रिस्ती लोकांचं प्रार्थनास्थळ' हे वाक्य खटकलं. मराठी बायबलमध्ये या अर्थाचा शब्द 'मंडळी' असा आहे. मूळ ग्रीक 'एक्लेसिया' म्हणजेही जमलेली माणसंच. पहिल्या शतकात तर इमारती नव्हत्याच. प्रिस्का आणि अक्विला या ख्रिस्ती जोडप्याच्या 'घरात जमणारी मंडळी' असा येशूचा प्रेषित पौल आपल्या पत्रांत स्पष्ट उल्लेख करतो. शिक्षण, सहवास, भाकर मोडणं आणि प्रार्थना, हे मंडळीचं काम बायबलमधल्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या दुसऱ्या अध्यायातच आलं आहे. ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीत प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत एकत्र घ्यायच्या भोजनाला, एक उपाशी आणि दुसरा पिऊन तर्र, हे कळल्यावर पौल किती संतापला ते जरूर वाचा.

एप्रिल २०२१ मध्ये नागपुरात आमच्या घरचे चौघंही कोरोनाने पडलो होतो. चर्चला कुलूप. तरी अकरा दिवस रोज दुपारी साडेबाराला फाटकाच्या कडीला पिशवी लटकलेली असायची. आत वरण-भाताचा स्टीलचा डबा आणि वहीच्या कागदावर पेन्सिलने लिहिलेलं बायबलमधलं एक वचन. डबा आणणाऱ्या मावशी आमच्याच मंडळीतल्या, स्वतः विधवा, सायकलवर यायच्या. शेजारच्या घरी, जे ख्रिस्ती नव्हते, त्यांनाही त्याच डबा द्यायच्या. तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, कर्माने नाही, हे मी लहानपणापासून ऐकत आलो. मिळालेली कृपा पुढे वाटायची कशी, ते त्या कडीपाशी पाहिलं. लेखाच्या पुढच्या भागात मंडळीची ही बाजू कृपया घ्या.